सिग्नल हिरवा, सांधा भलतीकडे: रेल्वेचे अपघात होतात तरी कसे?

मुंबईत दर शनिवारी वर्तमानपत्रात एक चौकट हमखास येते. उद्या माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक, कुर्ला ते वाशी मेगाब्लॉक, सकाळी अकराच्या सुमारास सुरू, दुपारी चारच्या आसपास संपणार. ती वाचून घराघरांत एकच उद्गार निघतो, "यांना रविवारच बरा सापडतो!" मीही अनेक वर्षं हेच म्हणत आलो. पण ओडिशातल्या बालासोरच्या अपघातानंतर चौकशीत काय काय पुढे आलं ते वाचत गेलो आणि या चौकटीकडे बघण्याची माझी नजर बदलली. रेल्वेचे मोठे अपघात ज्या ठिकाणी जन्म घेतात, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी वेळ वाचवलेला असतो. कधी दुरुस्तीसाठी गाड्या थांबवून ब्लॉक घेतलेला नसतो, कधी काम झाल्यावर तपासणी झालेली नसते, तर कधी सूचना घाईत लिहिलेली असते.

हे नीट समजायचं तर आधी आगगाडी म्हणजे काय चीज आहे ते पाहू.

## आगगाडीला स्टिअरिंग नसतं

रस्त्यावर समोर म्हैस आली तर रिक्षावाला ब्रेक दाबतो, हँडल वळवतो. लोको पायलटला, म्हणजे इंजिनाच्या चालकाला, यातलं दुसरं करताच येत नाही आणि पहिलंही मनासारखं करता येत नाही. पोलादी चाक पोलादी रुळाला जिथे टेकतं, ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते. घर्षण इतकं कमी असल्यामुळेच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकतं. पण त्याच कारणामुळे गाडी झटकन थांबतही नाही. ताशी 128 किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात साधारण 35 मीटर पुढे जाते, म्हणजे जवळजवळ दीड डब्याची लांबी. आपत्कालीन ब्रेक लावला तरी ती थांबेपर्यंत किलोमीटरच्या आसपास अंतर निघून जातं. रात्री दिव्याच्या उजेडात एवढ्या लांबचं दिसत नाही. दिवसाही, वळणावर तर नाहीच.

त्यामुळे आगगाडी डोळ्यांनी पाहून चालवता येत नाही, ती भरवशावर चालते. पुढचा रूळ मोकळा आहे, अखंड आहे आणि मला जिथे जायचंय तिकडेच जातो आहे, हे चालकाला दुसरं कुणीतरी सांगत असतं. सांगणारा म्हणजे सिग्नल. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेतो तो सांधा, ज्याला रेल्वेतले लोक पॉइंट म्हणतात. सांध्यातली निमुळती पाती काही इंच इकडे सरकली की गाडी सरळ मुख्य मार्गाने जाते आणि तिकडे सरकली की बाजूच्या लूप लाइनवर वळते. लूप म्हणजे मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट देण्यासाठी हळू गाडी जिथे उभी करतात तो बाजूचा रूळ.

## लिफ्टची जाळी आणि सिग्नलचं कुलूप

जुन्या चाळीवजा इमारतींमध्ये दोन जाळ्यांची लिफ्ट असते. दोन्ही जाळ्या पुरत्या लागल्याशिवाय बटण कितीही दाबा, लिफ्ट जागची हलत नाही. जाळीपाशी एक छोटी कळ असते. जाळी लागली की ती दाबली जाते आणि मगच मोटरला वीज मिळते.

स्टेशनातले सिग्नल आणि सांधे अशाच कळींनी एकमेकांना बांधलेले असतात. या बांधणीला इंटरलॉकिंग म्हणतात. सांधा लूपकडे असेल तर मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. स्टेशन मास्तरने चुकून बटण दाबलं तरी यंत्रणा ऐकत नाही. माणूस चुकणार हे गृहीत धरूनच ही व्यवस्था केलेली आहे. रेल्वेने शंभराहून जास्त वर्षांत मिळवलेलं हे बहुधा सर्वांत मोलाचं शहाणपण आहे.

आता कल्पना करा, लिफ्ट बिघडली आहे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने काम सोपं व्हावं म्हणून जाळीची कळ तारेने बांधून ठेवली आणि जाताना ती सोडायला विसरला. जाळी उघडी आहे, पण लिफ्टला वाटतंय ती बंद आहे. बटण दाबलं की लिफ्ट निघणार. यंत्र बरोबर चाललंय, त्याला मिळालेली माहिती खोटी आहे.

## बहानगा बाजारला काय घडलं

2 जून 2023, संध्याकाळी सातच्या सुमारास. कोलकात्याजवळच्या शालिमारहून चेन्नईला निघालेली कोरोमंडल एक्सप्रेस बालासोर जिल्ह्यातल्या बहानगा बाजार स्टेशनात शिरत होती. वेग 128, मर्यादा 130. सिग्नल हिरवा, मुख्य मार्गाचा. चालकाने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

सांधा मात्र लूपकडे होता आणि लूपवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. कोरोमंडल त्या डोंगरावर पूर्ण वेगात आदळली. तिचे डबे उडून शेजारच्या रुळावर पडले आणि उलट दिशेने जाणाऱ्या बंगळुरू–हावडा एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांना लागले. 290 पेक्षा जास्त माणसं गेली, हजाराहून अधिक जखमी झाली.

कुलूप असताना हे झालं कसं? रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत उत्तर मिळालं ते तारांमध्ये. स्टेशनच्या उत्तर टोकाच्या सिग्नलच्या खोलीत पूर्वी कधीतरी जोडणीत बदल केले होते आणि त्यात चूक राहून गेली होती. तारांवरच्या चिठ्ठ्या, कागदावरचा नकाशा आणि प्रत्यक्ष जोडणी यांचा मेळ नव्हता. अपघाताच्या दिवशी जवळच्या 94 क्रमांकाच्या फाटकावर विजेवर चालणारा नवा अडसर बसवण्याचं काम चालू होतं. त्यासाठी तारा जोडल्या गेल्या त्या याच चुकीच्या नोंदींवर विसंबून. सांधा लूपकडे असताना यंत्रणेला तो सरळ असल्याचा निरोप मिळाला. लिफ्टची कळ बांधलेली होती.

या अहवालातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. बहानगा बाजार रेल्वेच्या ज्या खरगपूर विभागात येतं, त्याच विभागात, बांकरा नयाबाज स्टेशनावर, 16 मे 2022 रोजी जवळजवळ असाच प्रकार झाला होता. तारांच्या चुकीच्या जोडणीमुळे गाडी ठरलेल्या मार्गाऐवजी दुसरीकडे वळली. कुणी मेलं नाही, म्हणून गाजावाजा झाला नाही. तेव्हाच विभागातल्या सगळ्या जोडण्या तपासून दुरुस्त केल्या असत्या तर बहानगा बाजार टळलं असतं, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. म्हणजे धोक्याची घंटा एक वर्ष आधी वाजली होती. घरात मिक्सर लावला की हलका शॉक बसतो आणि आपण चप्पल घालून तो वापरत राहतो, तसंच हे.

## "शेवटी चूक माणसाचीच ना?"

हो, तार माणसानेच जोडली. पण "मानवी चूक" या दोन शब्दांवर चौकशी संपली की पुढचा अपघात तिथेच रांगेत उभा राहतो.

17 जून 2024 चं उदाहरण घ्या. पश्चिम बंगालमध्ये न्यू जलपाईगुडीजवळ रंगापाणी इथे कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. मालगाडीचा चालक जागीच गेला, एक्सप्रेसचा गार्ड गेला, प्रवासीही गेले. पहिल्याच दिवशी दोषी म्हणून बोट दाखवलं गेलं ते त्या मृत चालकाकडे. त्याने लाल सिग्नल ओलांडला, असं सांगण्यात आलं.

चौकशीत चित्र वेगळं निघालं. त्या पट्ट्यातले स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद होते. अशा वेळी स्टेशन मास्तर चालकाला एक छापील परवाना देतो आणि त्यावर "हे सिग्नल लाल असले तरी पुढे जा" असं लिहिलेलं असतं. पण जायचं कोणत्या वेगाने? त्या कागदावर वेग नव्हता. बंद पडलेल्या प्रत्येक लाल सिग्नलपाशी दिवसा मिनिटभर थांबून ताशी 15 किलोमीटरने पुढे सरकायचं, हा नियम त्या सकाळी गेलेल्या सात गाड्यांपैकी एकाच गाडीने पाळला. ती गाडी होती कांचनजंगा एक्सप्रेस, जिला धडक बसली. बाकीच्या सहा चालकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे गाडी हाकली. सातपैकी सहा जण जेव्हा एकच चूक करतात तेव्हा दोष शिकवणीत आहे, कागदात आहे, देखरेखीत आहे. आयुक्तांनी स्पष्ट लिहिलं की हा अपघात केव्हा ना केव्हा होणारच होता.

हे आयुक्त कोण, तेही सांगायला हवं. अपघाताची चौकशी रेल्वेनेच केली तर ती निःपक्ष कशी राहील, हा प्रश्न ब्रिटिश काळातच पडला होता. म्हणून रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं कार्यालय रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. व्यवस्था चांगली आहे. पण त्यांच्या शिफारशी अंमलात आणायच्या की नाही, हे शेवटी रेल्वेच ठरवते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने 2012 मध्ये रेल्वेसाठी वैधानिक अधिकार असलेलं स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण नेमा असं सुचवलं होतं, ते याच दुखण्यावर.

## रूळ का तुटतो, गाडी का घसरते

टक्कर झाली की बातमी होते. गाडी रुळावरून घसरणं मात्र कितीतरी जास्त वेळा होतं. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, एप्रिल 2017 ते मार्च 2021 या चार वर्षांतल्या एकूण 2017 अपघातांचा हिशेब मांडला, त्यात 1392 घसरण्याचे होते. शंभरातले 69.

पोलाद उन्हात वाढतं, थंडीत आखडतं. पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये फट ठेवत, त्यावरून चाक गेलं की "खडाड्खट" आवाज येई. आता तुकडे जोडून रूळ लांबच लांब सलग केलेले असतात. प्रवास गुळगुळीत होतो, पण रूळ जागच्या जागी ताणला किंवा दाबला जातो. मे महिन्यात तो वाकायला बघतो. डिसेंबरच्या पहाटे ताण सर्वांत जास्त असतो आणि आत एखादी बारीक चीर असेल तर रूळ तिथेच तडकतो. 26 नोव्हेंबर 1998 च्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ असाच रूळ तुटला, एक गाडी घसरली आणि तिच्या डब्यांवर दुसरी येऊन आदळली. 212 माणसं गेली.

आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. पोटाची सोनोग्राफी करतात तशी रुळाचीही ध्वनिलहरींनी तपासणी करावी लागते. चीर सापडली की तुकडा कापून नवा बसवायचा, त्यासाठी गाड्या थांबवायच्या. या थांबवण्याला ब्लॉक म्हणतात आणि खरी ओढाताण इथे आहे. एकाच रुळावर गाड्याही चालवायच्या आहेत आणि त्याची दुरुस्तीही करायची आहे. प्रत्येक नवी गाडी सुरू झाली की दुरुस्तीच्या वेळेचा आणखी एक घास जातो.

19 ऑगस्ट 2017. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या खतौलीजवळ रुळाचं काम चालू होतं. ब्लॉक नव्हता. चालकाला वेग कमी करण्याची सूचना नव्हती. पुरीहून हरिद्वारला निघालेली उत्कल एक्सप्रेस वेगात आली आणि डबे शेजारच्या घरांत घुसले. वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

कॅगच्या त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. रूळ मोजणाऱ्या खास गाडीने जितक्या तपासण्या व्हायला हव्या होत्या त्यात 30 ते 100 टक्के तूट होती. शंभर टक्के तूट म्हणजे काही ठिकाणी ती गाडी फिरकलीच नाही.

## "पण अपघात तर कमी झालेत!"

झालेत, आणि हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. रेल्वेच्या आकड्यांनुसार गंभीर अपघात, म्हणजे ज्यांत जीवितहानी किंवा मोठं नुकसान होतं असे, 2000–01 मध्ये 473 होते. 2014–15 मध्ये 135 झाले, 2024–25 मध्ये 31. ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची सगळी क्रॉसिंग जानेवारी 2019 पर्यंत बंद केली, त्याने खेड्यापाड्यांतल्या किती ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांचे जीव वाचले असतील! नवे एलएचबी डबे धडकेत एकमेकांवर चढत नाहीत, जुने निळे डबे चढायचे.

पण अपघातांची संख्या हे सुरक्षेचं एकमेव माप नव्हे. 2023–24 मध्ये गंभीर अपघात 40 होते आणि त्यातल्या एकट्या बहानगा बाजारने 290 पेक्षा जास्त बळी घेतले. वेग वाढला, गाड्या लांब झाल्या, एका मार्गावर त्या दाटीने धावू लागल्या, की अपघात क्वचित होतो पण झाला की भयंकर होतो. म्हणून ज्यात कुणी मेलं नाही अशा बांकरा नयाबाजसारख्या प्रसंगांची मोजणी आणि छाननी जास्त महत्त्वाची ठरते.

## "कवच बसवलं की प्रश्न मिटला?"

कवच ही भारतात तयार झालेली यंत्रणा आहे. रुळांमध्ये बसवलेल्या खुणा, इंजिनातला संगणक आणि रेडिओ यांच्या मदतीने ती गाडीवर नजर ठेवते. चालकाचं लाल सिग्नलकडे दुर्लक्ष झालं किंवा वेग मर्यादेबाहेर गेला तर स्वतःच ब्रेक लावते. सुरुवातीला ती बसली त्या दक्षिण मध्य रेल्वेच्या 1465 किलोमीटरमध्ये आपला मनमाड ते मुदखेड हा पट्टाही आहे. नांदेड, परभणी, जालन्याच्या वाचकांनी तिच्या छायेखालून प्रवास केलेला असेल.

ती सगळीकडे हवीच, आणि आत्ता चाललीय त्याहून वेगाने हवी. देशात रेल्वेमार्ग 68 हजार किलोमीटरच्या आसपास आहेत. सिग्नल ओलांडणं किंवा पाठीमागून धडक, असे अपघात ती रोखू शकते. पण तिलाही पुढची वाट कोणती हे कळतं ते त्याच इंटरलॉकिंगकडून. बहानगा बाजारला कवच नव्हतं हे खरं. असतं तरी सांध्याचा खोटा निरोप तिलाही खराच वाटला असता. तडकलेला रूळ तिला कळत नाही. दरडही नाही.

घातपाताचा संशयही प्रत्येक वेळी येतो. रुळावर दगड, लोखंड ठेवण्याचे प्रकार घडतात, त्यांचा तपास झालाच पाहिजे. पण बालासोरनंतर पहिल्या काही तासांत समाजमाध्यमांवर घातपाताच्या अफवांचं जे विष फिरलं, त्यातून हाती काय लागलं? तारांवरच्या चुकीच्या चिठ्ठ्यांकडे लक्ष जायला उशीर तेवढा झाला.

## कोकणाने काय केलं

दरडीवरून आठवण झाली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 मध्ये. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळली आणि कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची खास गाडी त्यावर आदळली. पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच पावसाळ्यात, 16 जून 2004 रोजी, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस अशाच दगडांमुळे पुलावरून घसरली.

त्यानंतर कापलेल्या डोंगरांचे उतार सौम्य केले, जाळ्या टाकल्या, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त सुरू झाली, पानवल, मांडवी, झुआरीसारख्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आली. आणि वेळापत्रकच बदललं. पावसाळ्यात गाड्या मुद्दाम हळू धावतात. धो धो पावसात पुढचं नीट दिसत नसेल तर ताशी 40 च्या वर जायचं नाही असा नियम आहे. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी त्या उशिराला वैतागतो, पण या मार्गावर त्यानंतर दरडीने वैभववाडीएवढा मोठा घात पुन्हा केलेला नाही. सुरक्षा वेळेच्या बदल्यात मिळते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

## जे मोजणीत धरलेच जात नाहीत

वर सांगितलेल्या 31 गंभीर अपघातांमध्ये मुंबईच्या लोकलमधून पडलेला माणूस नाही, रूळ ओलांडताना गेलेलाही नाही. पडलेल्याला कायद्यात "अनुचित घटना" म्हणतात. त्याच्या वारसांना रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळू शकते. ओलांडणारा मात्र अतिक्रमण करणारा ठरतो. मुंबई उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांत असे अडीच हजारांच्या आसपास मृत्यू दरवर्षी होत आहेत. रोजचे सहा-सात. काकोडकर समितीने यासाठी कत्तल याच अर्थाचा शब्द वापरला होता आणि मला तो अजिबात जास्त वाटत नाही.

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले. "लटकायचं कशाला?" हा प्रश्न विचारणाऱ्याने सकाळी आठला दिवा स्टेशनातून गाडी पकडून पाहावी. पुढची सोडली तर तिच्या मागचीही तशीच भरलेली येते आणि ऑफिसात लेटमार्क लागतो. पुलाच्या पायऱ्या चढायला दहा मिनिटं आणि रूळ ओलांडायला एक, असं गणित असेल तिथे लोक रूळच ओलांडणार. यावर उपाय म्हणजे जास्त गाड्या, बंद होणारी दारं, सरकते जिने आणि स्टेशनच्या दोन्ही टोकांना पूल.

आणि सर्वांत शेवटी रुळावर काम करणारे. 13 फेब्रुवारी 2023 रोजी पहाटे लासलगावजवळ देखभालीच्याच वाहनाखाली चार ट्रॅकमन गेले. 22 जानेवारी 2024 च्या रात्री वसई रोड आणि नायगावच्या मध्ये बिघाड दुरुस्त करायला गेलेले सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी लोकलखाली आले. फलाटावर "तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत" ही घोषणा होते, तेव्हा त्या बिघाडापाशी अशीच दोन-तीन माणसं बॅटरीच्या उजेडात वाकलेली असतात आणि शेजारच्या रुळावरून गाड्या जात असतात.